मागच्या सीटला गारवा का पोचत नाही?

मे महिन्यात हिंगोलीचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. वऱ्हाडाची गाडी औंढा नागनाथच्या रस्त्याला लागली, की ड्रायव्हरशेजारचे मामा अंगावर उपरणं ओढून घेतात आणि मागे नातवंडांसोबत बसलेली आजी पदरानं वारा घेते. गॅरेजमध्ये उत्तर तयारच असतं : 'गॅस कमी झालाय, भरून टाकू.'

पण एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळणारा आर-१३४ए हा एसीचा गॅस कूलिंग कॉइलमध्ये उष्णता ओढतो, कंडेन्सरमध्ये ती टाकून पुन्हा द्रव होतो. रबरी होजमधून थोडा झिरपला तरी हा फेरा वर्षानुवर्षं चालतो. गॅस फार घटला असेल तर कुठंतरी गळती आहे.

पुढं आणि मागं गारवा देणाऱ्या डबल एसीत कॉम्प्रेसर एक, कंडेन्सर एक. कूलिंग कॉइल मात्र दोन, प्रत्येकीला वेगळा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. मागच्या कॉइलची नळी गाडीच्या तळाखालून जाते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला पाणी कमी सुटलं की आधी टेलचा शेतकरी कोरडा राहतो. गॅस घटल्यावर बहुतेकदा मागच्या सीटचंही तेच होतं. त्यात तळाच्या नळीला खडी लागते, चिखलानं सांधे गंजतात.

गॅस पुरेसा असूनही मागं उकडतं तेव्हा खरी परीक्षा. मागच्या कॉइलकडून परतणारी जाड नळी गार, दवानं ओली लागली, तर गॅस आपलं काम करतोय. जाळी धुळीनं बुजली असेल किंवा ब्लोअर मंदावला असेल. पुढची नळी गार आणि मागची कोमट असेल, तर मागच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकल्याची शंका घ्यावी. अशा गाडीत गॅस आणखी कोंबला तर दाब वाढून पुढचाही गारवा जातो.

गंमत म्हणजे सुरुवात उलटी झाली होती. १९३९ साली अमेरिकेतल्या पॅकार्डनं एसीची मोटार दाखवली, तिची कॉइल मागच्या सीटच्या पाठीमागे होती! कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. तो थांबवायचा तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. १९५४मध्ये नॅश कंपनीनं सगळी यंत्रणा पुढं आणली.

पुन्हा गळतीकडे येऊ. हवेत सुटलेला एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांत हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणून गॅरेजवाल्याला आधी गळती शोधायला लावा, मग व्हॅक्यूम करून बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरून घ्या.