उतारवयातील पहिली विजेची सायकल : निवडीच्या काही कसोट्या

विजेची सायकल घ्यावयास निघालेला साठीच्या पुढचा गृहस्थ दुकानात गेला की बहुधा दोनच प्रश्न विचारतो : ती किती वेगाने धावते, आणि एकदा विद्युत्‌घट भरला म्हणजे किती किलोमीटर जाते. विक्रेत्याची माहितीपत्रकेही याच दोन आकड्यांभोवती रचलेली असतात. ज्याने तरुणपणी सायकल चालविली, पुढे तीस-चाळीस वर्षे स्कूटर वापरली आणि आता गुडघे व श्वास यांचा विचार करून पुन्हा सायकलीकडे वळण्याचे ठरविले, त्याच्या दृष्टीने हे दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्याच्या बाबतीत खरा धोका धावत्या सायकलीत फारसा नसून थांबत्या सायकलीत आहे. म्हणून मोटारीपासून मिळणारी शक्ती वेगासाठी न वापरता सुरक्षिततेसाठी कशी वापरता येईल, हा निवडीचा मुख्य निकष ठरावयास हवा.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेणे इष्ट होईल. विजेवर चालणाऱ्या सायकलीची कल्पना नवी नाही. ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन संशोधकास मागील चाकाच्या तुंब्यात मोटार बसविलेल्या दुचाकीचे एकस्व १८९५ मध्ये मिळाले होते. परंतु चालकाने पायडल मारले तरच, आणि त्याच्या श्रमाच्या प्रमाणात, मोटारीने मदत करावी हे तत्त्व बाजारात रुजविले ते यामाहा या जपानी कंपनीने १९९३ मध्ये. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमध्ये या वाहनांची मर्यादा सांगितली आहे. मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटहून कमी असेल व पायडल मारणे थांबताच, किंवा ताशी २५ किलोमीटर वेग येताच, मदत बंद होत असेल, तर अशी सायकल मोटार वाहन गणली जात नाही. मात्र ही गोष्ट नियमांत नमूद केलेल्या चाचणी संस्थेने प्रमाणित केलेली असावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक होय. ग्राहकाने प्रमाणपत्राची विचारणा करावी ती एवढ्यासाठी की, याहून शक्तिमान वाहन सायकल म्हणून विकले गेले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते सायकल राहत नाही.

आता मदतीची गरज मुळात किती असते ते पाहू. चालकाचे वजन ७० किलोग्रॅम, सायकलीचे २४ आणि पिशवीचे १ धरल्यास एकूण वस्तुमान ९५ किलोग्रॅम होते. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने, ताठ बसून जाताना चाकांच्या घर्षणावर मात करण्यासाठी सुमारे ३० वॅट आणि हवेच्या विरोधासाठी सुमारे २६ वॅट, म्हणजे एकंदर ५५ ते ६० वॅट शक्ती लागते. तोच चालक शंभरात पाच या प्रमाणाच्या चढावर ताशी १० किलोमीटर वेगाने जाऊ लागला की नुसते वजन वर उचलण्यासाठीच १३० वॅट लागतात आणि एकूण गरज १६० वॅटच्या घरात जाते. निरोगी परंतु सराव नसलेल्या ज्येष्ठ व्यक्तीने दीर्घकाळ ७० ते ८० वॅट द्यावेत, अशी अपेक्षा वाजवी ठरेल. यावरून दोन निष्कर्ष निघतात. सपाटीवर त्यास मदतीची फारशी गरज नाही. आणि चढावर जी तूट पडते ती ८०-९० वॅटची, म्हणजे कायद्याने मान्य केलेल्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी आहे. तात्पर्य, मोटारीच्या मोठ्या आकड्यावर पैसे खर्च करण्याचे प्रयोजन उरत नाही.

मग धोका कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर सायकलीच्या गतिशास्त्रात सापडते. मायार्ड, पापाडोपुलोस, रुइना व श्वाब यांनी २००७ साली सायकलीच्या तोलाची समीकरणे तपासून प्रमाणभूत स्वरूपात मांडली. त्यांनी नमुन्यादाखल घेतलेली सायकल सेकंदास सुमारे ४.३ ते ६.० मीटर, म्हणजे ताशी साधारण १५ ते २२ किलोमीटर या वेगमर्यादेत स्वतःच तोल सावरते, असे गणिताने दिसून आले. प्रत्येक सायकलीची ही मर्यादा निराळी असते. पण सामान्य नियम असा की, मंद वेगात सायकल स्वतःला सावरीत नाही, तिला चालकाने हँडलाच्या अविरत व अचूक हालचालींनी सावरावे लागते. नेमकी हीच क्षमता, म्हणजे झुकाव चटकन ओळखणे, त्यास तत्काळ प्रतिसाद देणे आणि पाय जमिनीवर टेकून भार पेलणे, वयाबरोबर मंदावते. निघतानाचे पहिले दोन मीटर आणि थांबतानाचे शेवटचे दोन मीटर हीच परीक्षेची जागा होय.

नेदरलँड्समध्ये विजेच्या सायकली वृद्धांत लोकप्रिय झाल्यामुळे तेथे या विषयाचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच पाहणीत, वय, लिंग व वापराचे प्रमाण लक्षात घेतल्यावरही, विजेच्या सायकलीच्या चालकांना इस्पितळात उपचार घ्यावे लागण्याची शक्यता अधिक आढळली; मात्र अपघातांची तीव्रता साध्या सायकलीइतकीच होती. नंतरच्या डच अभ्यासांत चालकांची प्रकृती व कापलेले अंतर अधिक काळजीपूर्वक हिशेबात घेतल्यावर हा फरक तितका स्पष्ट राहिला नाही. दोष यंत्राचा किती आणि यंत्र निवडणाऱ्या वयोगटाचा किती, हे वेगळे करणे किती अवघड आहे याची यावरून कल्पना येईल. तेथीलच संशोधकांनी २०१७ मध्ये सायकलीवर चढतेवेळच्या अस्थिरतेवर मध्यमवयीन व वृद्ध अशा दोन गटांत स्वतंत्र प्रयोग केला. चढण्याचा क्षण संशोधनाचा विषय व्हावा, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

या विवेचनावरून निवडीच्या कसोट्या ठरविता येतात. पहिली कसोटी सांगाड्याची. बैठकीपासून हँडलापर्यंत आडवा दांडा असलेल्या सायकलीवर चढताना पाय मागून उंच फेकावा लागतो आणि तेवढा वेळ सर्व भार एका पायावर राहतो. दांडा नसलेल्या, खाली वाकविलेल्या सांगाड्यावर पाय समोरून सहज पलीकडे नेता येतो. अशा सायकलीस आपल्याकडे ‘लेडीज सायकल’ म्हणण्याचा प्रघात पडल्यामुळे अनेक ज्येष्ठ पुरुष तिच्याकडे पाहण्यासही तयार नसतात. दांड्यावरून पाय नेताना पडून खुब्याचे हाड मोडल्यावर या संकोचाची किंमत कळते; ती आधीच कळलेली बरी.

दुसरी कसोटी वजनाची. २४ किलोग्रॅमची सायकल उभी असता १० अंश कलली, तर हँडल धरून तिला थोपविण्यास सुमारे सव्वादोन किलोग्रॅम भाराइतका जोर लागतो. ३० अंश कलल्यास तोच जोर साडेसहा किलोग्रॅमच्या वर जातो. चालक स्वतः अजून बैठकीवर असेल तर त्याच्या वजनाची भर निराळीच. म्हणून सायकल कलू लागताच सावरणे शक्य असते, एकदा कलल्यावर नसते. याच कारणाने मोठा विद्युत्‌घट हा निर्भेळ लाभ नव्हे. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास क्षमतेच्या घटात ३६० वॅट-तास ऊर्जा साठते. शहरातील थांबत-थांबत होणाऱ्या प्रवासात दर किलोमीटरला १० वॅट-तास असा सढळ खर्च धरला तरी ३६ किलोमीटर अंतर निघते, आणि जुना झालेला घट सत्तर टक्क्यांवर आला तरी २५ किलोमीटर. मंडई, ग्रंथालय व टेकडीचा पायथा एवढ्या नित्याच्या फेरीस ते पुरेसे आहे.

तिसरी कसोटी बैठकीची. पायडल मारण्याची कार्यक्षमता वाढविण्यासाठी बैठक उंच ठेवावी, असा सायकलपटूंचा नियम आहे. परंतु बैठकीवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीस नीट टेकणे, ही नवशिक्या ज्येष्ठाची अधिक मोठी गरज होय. बैठक खाली घेतल्याने, पाठ ताठ ठेवल्याने किंवा रुंद धावा वापरल्याने शक्तीचा काही अपव्यय होतो, हे खरे. पण तो भरून काढावयास मोटार आहेच. साध्या सायकलीवर जी सुरक्षितता श्रमाच्या दृष्टीने परवडत नव्हती, ती विजेच्या सायकलीवर परवडते. या वाहनाचा उतारवयातील खरा लाभ आमच्या मते हाच आहे. पायडलांची जागा किंचित पुढे असलेले सांगाडे मिळाल्यास पाय टेकणे आणि पाय पुरेसा लांब होणे, दोन्ही साधतात.

चौथी कसोटी मदतीच्या स्वभावाची. दुकानात ज्यास ‘केडन्स सेन्सर’ म्हणतात तो पायडल फिरते आहे की नाही एवढेच पाहतो. त्यामुळे मोटार क्षणभर उशिरा आणि एकदम जोराने सुरू होते व तशीच उशिरा थांबते. अरुंद जागी वळताना हा उशीर घातक ठरतो. ‘टॉर्क सेन्सर’ पायाचा दाब मोजून त्या प्रमाणात मदत देतो. चालकास आपलेच पाय बळकट झाल्यासारखे वाटते. मात्र सिग्नलशी उभे असता पायडलवर भार पडल्यास ही सायकल पुढे झेपावू शकते. यासाठी ब्रेकची मूठ दाबताच मोटार बंद होते की नाही, हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे आणि थांबल्यावर ब्रेक धरून ठेवण्याची सवय लावावी. मूठ पिळून चालणारी रचना स्कूटरच्या सवयीमुळे ओळखीची वाटते. पण गडबडीत मूठ आवळली जाण्याची सवयही स्कूटरचीच असते, हे विसरू नये.

पाचवी कसोटी ब्रेकची. चालकास धोका ओळखण्यास दीड सेकंद लागतो आणि तो मध्यम जोराने ब्रेक लावतो असे धरल्यास, ताशी १५ किलोमीटर वेगात थांबण्यास सुमारे पावणेदहा मीटर लागतात आणि ताशी २० किलोमीटर वेगात सुमारे साडेचौदा. वेगातील एक-तृतीयांश वाढीने अंतर जवळपास निम्म्याने वाढते. बोटांची पकड कमी झाली असल्यास द्रवाच्या दाबावर चालणारे चकती-ब्रेक हलक्या हाताने काम देतात. आपल्या पावसाळ्यात, ओल्या कडांवर रबरी ब्रेक निसटतात, तेव्हा त्यांचे महत्त्व अधिकच पटते. मोटार पुढील चाकात असल्यास ओल्या चढावर ते चाक घसरण्याचा संभव असतो. म्हणून ती मागील चाकात किंवा पायडलांपाशी असलेली बरी.

ज्यांचा तोल आजारामुळे मुळातच बिघडला आहे, त्यांस तीनचाकी सुचविली जाते. ती उभी असता पडत नाही हा तिचा गुण. परंतु ती वळणावर आत कलत नसल्याने वेगात वळल्यास बाहेरच्या बाजूस उलटू शकते. तिचाही निराळा सराव करावा लागतो.

अखेरीस परीक्षेची रीत. सायकल विकत घेण्यापूर्वी मोटार बंद ठेवून ती हाताने शंभर पावले न्यावी, एका वळशात फिरवावी आणि घरी जिन्यावरून न्यावयाची असल्यास चार पायऱ्या चढवून पाहावी. नंतर मोकळ्या मैदानात, सर्वांत कमी मदतीवर, निघणे व थांबणे एवढेच वीस वेळा करावे. या वीस वेळांत एकदाही सायकल हातातून सुटल्यासारखी वाटली, तर ती सायकल, मग तिची माहितीपत्रकातील कीर्ती काहीही असो, आपली नव्हे. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी डोक्याचा लहानसा मारही गंभीर मानावा आणि शिरस्त्राणाविना पाऊल टाकू नये.

वाढत्या वयात माणसाच्या फिरण्याचे वर्तुळ हळूहळू आखडत जाते. ते पुन्हा काही किलोमीटर रुंद करण्याचे सामर्थ्य या साध्या वाहनात निश्चित आहे. परंतु एका पडण्याने ते वर्तुळ खाटेएवढेही होऊ शकते. म्हणून ‘किती पळते’ या प्रश्नाआधी ‘कशी थांबते’ हा प्रश्न विचारण्याची शिस्त ग्राहकाने लावून घ्यावी, आणि विक्रेत्यासही लावावी.