घाईची लय

या आठवड्यात ‘मंकी आयलंड २’ हा खेळ आणि त्यातल्या आयम्यूज या संगीताच्या करामतीबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला. मध्ये इचलकरंजीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि मी त्यातच अडकलो.

त्यांचं म्हणणं असं. नव्वदच्या दशकात घरी टीव्हीला जोडायचं एक यंत्र होतं, त्यात जाडजूड पिवळी ‘कॅसेट’ खुपसायची आणि मारिओ खेळायचा. आता त्यांचा मुलगा यूट्यूबवर तेच संगीत लावतो, तर ते त्यांना घाईघाईत वाजवल्यासारखं वाटतं. सूर तेच आहेत, पण चाल पळते आहे. मुलगा म्हणतो, बाबा, तुमची आठवण संथ झाली आहे.

आठवण अगदी शाबूत आहे. जपानी फॅमिकॉम हे यंत्र सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या टीव्हीसाठी बनलं होतं. आपल्याकडचे टीव्ही ५० चित्रांचे. त्यामुळे आपल्या टीव्हीसाठी फॅमिकॉमच्या ज्या नकला निघाल्या, त्यांतल्या ५० चित्रांवर चालणाऱ्या यंत्रांत सगळा खेळच पाच-षष्ठांश वेगानं चाले. आणि मारिओत संगीताचा हिशेब चित्रांवरच होतो. दर चित्रामागे एकदा प्रोसेसर संगीताकडे वळतो, चालू सुराची किती चित्रं उरली ते पाहतो, संपली असतील तर पुढचा सूर लावतो. चित्रं कमी म्हणजे चाल संथ.

मग सूर का उतरले नाहीत? सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणं संथ होतं तेव्हा लताबाईंचा आवाजही जाड होतो. इथे तसं होत नाही, कारण चिपमध्ये गाणं साठवलेलंच नसतं. अमुक सूर अमुक वेळ धर, एवढ्या सूचना असतात. सुराची उंची प्रोसेसरच्या घड्याळावर ठरते, लांबी चित्रांच्या मोजणीवर. या नकलांमध्ये प्रोसेसरचं घड्याळ मूळ यंत्राच्या अगदी जवळ ठेवलेलं होतं, म्हणून सूर जवळपास जागेवर राहिले आणि लय तेवढी उतरली. तेव्हा पत्रलेखकांनी मुलाला खुशाल सांगावं की बाबांचा मारिओ खरंच वेगळा होता.

त्याचा एक उपफायदाही आपल्याला मिळाला. मारिओच्या पहिल्या टप्प्यात वर ४०० हा आकडा असतो आणि तो उतरत जातो. ते सेकंद नव्हेत. एक आकडा २४ चित्रांनी उतरतो, म्हणजे जपानी मुलाला ४०० आकड्यांत १६० सेकंद मिळत आणि ५० चित्रांच्या यंत्रावर १९२. मारिओही तेवढाच हळू धावायचा, त्यामुळे खेळातलं अंतर तेच. पण खड्डा दिसल्यापासून बोट बटणावर पडेपर्यंतचा वेळ आपल्याला थोडा जास्त होता. आपण उस्ताद होतो असं ज्यांना आजवर वाटत आलं आहे, त्यांची मी माफी मागतो.

आता या आकड्यावरून मला ज्याबद्दल बोलायचंय तिकडे येतो. आकडा १०० वर आला की संगीत थांबतं, एक छोटा इशारा वाजतो, आणि तीच धून पुन्हा सुरुवातीपासून, पण धावत सुटते. १९८५ साली हे करायला मारिओचे संगीतकार कोजी कोंदो यांना नवी धून लिहावी लागली नाही. सुरांच्या लांबीचा एक तक्ता खेळात आहे. घाईच्या वेळी यंत्र त्याच तक्त्यात काही घरं पुढे सरकून वाचू लागतं. तिथल्या लांब्या आखूड आहेत. बस, एवढंच. काही बाइटांत माणसाच्या तळहाताला घाम.

गंमत म्हणजे त्या क्षणी खेळात दुसरं काहीही बदलत नाही. मारिओ तेवढाच धावतो, कासवं तेवढीच सरपटतात, आकडाही पूर्वीच्याच गतीनं उतरतो. जपानी यंत्रावर अजून ४० सेकंद हातात असतात, आणि टप्पा बहुधा संपतच आलेला असतो. तरीही हात चुकतो. एरवी डोळे झाकून पार होणाऱ्या खड्ड्यात आपण पडतो, कारण उडी संगीताच्या लयीत मारली जाते, मारिओच्या नाही. माझ्या मते व्हिडिओ गेमच्या इतिहासातला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक खोटारडेपणा आहे.

सतार ऐकणाऱ्यांना इथे प्रश्न पडेल. जोडाकडून झाल्याकडे जाताना लय चढतेच की, आणि तेव्हा आपल्याला भीती वाटत नाही, उलट आपण खुर्चीच्या कडेला येऊन बसतो. मला वाटतं फरक असा की मैफलीत लय वादक चढवतो, आपण नुसते तिच्यावर स्वार. मारिओत लय कुणीतरी आपल्यावर चढवतो आणि निभवायची मात्र आपण. शिवाय समेवर चुकलं तर मैफलीत जीव जात नाही.

लय चढवून घाबरवायची युक्ती कोंदोंनी शोधली असं नाही. सात वर्षं मागे जाऊ. १९७८, टाइटो कंपनी, तोमोहिरो निशिकादो आणि त्यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’. खेळ चालू असताना अखंड वाजत राहणारं पार्श्वसंगीत असलेला पहिला खेळ म्हणून याचं नाव घेतात. संगीत म्हणजे काय, तर खाली उतरणारे चार जाड सूर, पुन्हा पुन्हा. पडद्यावर अकराच्या पाच ओळी, म्हणजे ५५ परग्रहवासी, आणि ते बाजूला सरकत सरकत खाली उतरतात.

जसजसे ते मरतात तसतसे उरलेले वेगानं सरकतात, हे खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. हे मुळात कुणी ठरवलेलं नव्हतं. यंत्र दर चित्रात एकच परग्रहवासी हलवू शके. ५५ जण असतील तर सगळ्यांनी एक पाऊल टाकायला ५५ चित्रं, म्हणजे जवळजवळ सेकंद. दहा उरले तर दहा चित्रं. शेवटचा एकटा उरला की तो प्रत्येक चित्रात हलतो, सुसाट. यंत्राची अशक्ती खेळाचा थरार होऊन बसली, आणि निशिकादोंनी ती तशीच राहू दिली. ही गोष्ट सगळे सांगतात.

सहसा सांगितली जात नाही ती पुढची गोष्ट, आणि मला तीच जास्त आवडते. चार सुरांचा वेग मात्र आपोआप वाढत नाही. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये वेगळा तक्ता आहे: इतके परग्रहवासी उरले तर दोन ठोक्यांमध्ये इतकी चित्रं थांबायचं. सुरुवातीला पन्नासेक चित्रं, शेवटाकडे पाच-सहा. म्हणजे दृश्याचा वेग अपघातानं आला आणि आवाजाचा वेग विचार करून बसवला गेला. अपघात घडला, तो दिसला, आणि मग कुणीतरी बसून त्याला पायऱ्यापायऱ्यांनी आवाज दिला. पन्नासेक चित्रांना एक ठोका म्हणजे मिनिटाला सत्तरच्या आसपास. निवांत बसलेल्या माणसाची नाडी साधारण तेवढीच चालते.

मारिओचा वेग खोटा, इन्व्हेडर्सचा खरा. तिसरा प्रकार मला सगळ्यात हुशार वाटतो: फॅमिकॉमच्याच अमेरिकी भावंडावर १९८९ मध्ये आलेला निन्टेंडोचा ‘टेट्रिस’. पातळी वाढली की ठोकळे भराभर पडतात, पण त्यानं संगीत हलत नाही. संगीत पळतं ते ठोकळ्यांचा ढीग वर चढला की. म्हणजे ते वेगाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त धोक्याबद्दल सांगतं. चायकोव्स्कीच्या ‘नटक्रॅकर’मधली साखरपरी, जी एरवी चवड्यांवर नाचते, ती एकदम पदर खोचून धावू लागते. दोन-तीन रांगा साफ करून ढीग खाली आणला की ती पुन्हा चवड्यांवर. मारिओची घाई त्या टप्प्यात एकदा लागली की सुटत नाही, इन्व्हेडर्सची लाट संपेपर्यंत वाढतच जाते. टेट्रिसमध्ये लय उतरवणं खेळणाऱ्याच्या हातात असतं. तो सुटकेचा निःश्वास खास टेट्रिसचा.

उलट टोकाला ‘सॉनिक’. १९९१. निळा हेजहॉग पाण्याखाली गेला आणि बुडबुडा गिळला नाही तर त्याला तीसेक सेकंदांची हवा. शेवटी पडद्यावर ५, ४, ३ असे आकडे येतात आणि सगळं संगीत कापून एक वेगळीच धून सुरू होते, जी स्वतःच्या आतच जोर धरत जाते. तिला संथ रूप नाहीच. ज्यांनी बालपणी ती ऐकली, त्यांना आज नुसती ऐकवून पाहा. अर्धे जण श्वास रोखतात. मला ती थोडी क्रूर वाटते, पण लहान मुलाला ‘वर ये’ असं सांगायची याहून जलद पद्धत मला सुचत नाही.

मग आजच्या खेळांत हे लय चढवणं कमी का दिसतं? सूचनांची जागा ध्वनिमुद्रणानं घेतली म्हणून. सीडीवर खरा वाद्यवृंद आला आणि आपण पुन्हा त्या टेपरेकॉर्डरपाशी आलो: वेग वाढवला की सूरही चढतात. ते टाळायची तंत्रं आहेत, पण आवाजाचा पोत बिघडण्याची भीती असते. त्यामुळे संगीतकारांनी लय सोडून थर धरले. शत्रू दिसला की त्याच तालावर ढोल चढवायचे, गेला की उतरवायचे. काम चालतं. पण थर वाढला की आपण सावध होतो; घाबरतो ते लय वाढल्यावरच, असं माझं पक्कं मत आहे.

एका खेळानं मात्र वेगाबरोबर सूर चढण्याचा हाच दोष उचलून गुण केला. २००७ च्या ‘सुपर मारिओ गॅलक्सी’मध्ये मारिओ एका मोठ्या चेंडूवर उभा राहून गडगडत जातो. चेंडू जितका जोरात, तितकं संगीत जलद आणि तितके सूर वर. कड्याच्या टोकाशी घाबरून थांबलात की धून रेंगाळत, खोल जात जवळजवळ मरते. इथे तक्ता नाही, इशारा नाही. लय तुमची आणि पडलात तर दोषही तुमचाच.

पत्रात दुसराही प्रश्न होता: मारिओत नाणं घेतलं की चालू धुनेतला सूर क्षणभर गायब का होतो? कान चांगले आहेत तुमचे. पाचच आवाज असलेल्या यंत्रात नाणं आणि मुख्य धून एकाच आवाजावर बसवली आहेत, म्हणून. पण त्याला अख्खा लेख लागेल, आणि मंकी आयलंड आधीच एक आठवडा मागे पडलं आहे.