विंडोज नवी, वायर तीच. मग इंटरनेट रुसले कुठे?

मैत्रिणींनो, आमच्या घरातला कंप्यूटर म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. त्याच्यावर माझी चार दुकानांची हिशेबाची कामं चालतात. किराणा, औषधं, सायकली आणि एक साडी सेंटर. महिन्याच्या २० तारखेच्या आत त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरायची. तारीख चुकली की विलंब शुल्क, दिवसाला ५० रुपये. काही उलाढालच नसली तरी २०. रक्कम मोठी नाही हो, पण दुकानदार ती माझ्याकडूनच वळती करणार, आणि पुढच्या महिन्यात वह्या दुसरीकडे नेणार. कमावणाऱ्या बाईला ही भीती काय असते ते सांगायला नको.

विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. जीएसटी आणि बँकेची कामं जुन्यावर करत राहणं बरं नव्हे, असं सगळेच म्हणू लागले. पुण्याहून भाचा आला होता. म्हणाला, "मामी, दोन तासांचं काम. नवी विंडोज टाकून देतो." हिशेबाच्या फायली त्यानं आधी पेन ड्राइव्हवर काढून घेतल्या, एवढं शहाणपण केलं. मग जुनं सगळं पुसलं, विंडोज ११ घातली. मध्ये ती बया इंटरनेट मागायला लागली. ते नसेल तर पुढे सरकेचना. भाच्यानं काहीतरी युक्ती करून ती पायरी ओलांडली आणि बसची वेळ झाली म्हणून पळाला. जाताना, "वायर लावली की झालं!"

वायर लावली. काही झालं नाही. तारीख होती १८. आमचे 'हे' त्याच दिवशी लग्नासाठी नागपूरच्या गाडीत बसलेले.

आता मी काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. मी केबलवाल्याशी भांडले. सांगलीच्या आमच्या जुन्या इमारतीत त्याची वायर खिडकीतून येते ती सरळ कंप्यूटरच्या पाठीत जाते. "तुमचंच बंद आहे," असं मी त्याला चांगलं ठणकावून सांगितलं. संध्याकाळी त्याचा मुलगा आला, आपला लॅपटॉप त्या वायरीला जोडून दाखवला, त्यावर इंटरनेट धो-धो चालू! "काकू, वायर बरोबर आहे. मशीन तुमचं आहे," म्हणाला आणि २०० रुपये घेऊन गेला. अख्खा दिवस आणि वर दोनशे रुपये.

खरं तर दोष कोणाचाच नव्हता. असं बघा, घरात नवी सून आली. घर तेच, ओटा तोच, डबेही तेच. पण कुठल्या डब्यात काय, दूधवाला कधी येतो, कोणाचं बिल कोणी द्यायचं, हे तिला कसं ठाऊक असणार? जुनी विंडोज आपल्याकडे पाच वर्षं नांदलेली असते. तिला सगळं पाठ. ती पुसली की ते पाठांतरही पुसलं जातं. नवीला दोन गोष्टी कोणीतरी सांगाव्या लागतात. एक, आपल्या कंप्यूटरातला वायर लावायचा भाग कसा हाताळायचा. दुसरी, केबलवाल्याच्या दारात काय नाव सांगायचं. माझ्याकडे दोन्ही राहिल्या होत्या.

पण आधी काम, मग दुरुस्ती. हा धडा मला १९ तारखेला सकाळी वरच्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं दिला. तिनं माझा मोबाइल चार्जिंगच्या वायरीनं कंप्यूटरला जोडला, फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं, आणि मिनिटाभरात कंप्यूटर फोनच्या इंटरनेटवर चालायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. अँड्रॉइड फोनला यासाठी बहुधा वेगळं काही लागत नाही. आयफोन असेल तर मात्र अॅपलचं सॉफ्टवेअर कंप्यूटरात आधी असावं लागतं. आणि वायर नीट बघून घ्या. स्वस्तातल्या काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांच्यातून दुसरं काही जात नाही. फोन चार्ज होतोय पण टेदरिंगचं बटण फिकट दिसतंय, तर वायर बदलून बघा.

इथे एक गृहिणीची सूचना. नव्या विंडोजला इंटरनेट सापडलं रे सापडलं की ती आपल्या दुरुस्त्या उतरवून घ्यायला बसते, आणि त्या भरपूर असतात. तुमचा दिवसाचा डेटा दुपारच्या आत फस्त! म्हणून सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा, त्या जोडणीच्या माहितीत जा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग ती हात आवरून घेते. मी हे केलं आणि १९ ला रात्री साडेअकरापर्यंत चारही विवरणपत्रं फोनच्या डेटावर भरून टाकली. चौथं भरून झाल्यावर उठून चहा केला, रात्री बाराला.

मग निवांतपणे वायरीकडे वळले.

पहिली परीक्षा उजेडाची. वायर जिथे लावतो त्या भोकाजवळ दोन बारीक दिवे असतात. ते लुकलुकत असतील तर वायर आणि पलीकडची लाइन बहुतेक ठीक. पण दिवा नाही म्हणून लगेच वायर तुटली असं समजू नका. त्या भागाला चालवणारं कोणी नसेल तर दिवा न लागताही वायर चांगली असू शकते. टोकाची प्लॅस्टिकची खिटी तुटलेली नाही ना, लावताना 'टक्' आवाज येतो ना, एवढं बघा. घरी राउटर असेल तर तर फार सोपं: फोन वायफायवर लावा. फोनवर इंटरनेट आलं तर केबलवाल्याला फोन करायचा नाही, गडबड कंप्यूटरातच. माझे दोनशे वाचले असते.

दुसरी परीक्षा. 'स्टार्ट' बटणावर माउसचं उजवं बटण दाबा, 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. कंप्यूटरातल्या एकूण एक भागांची ही यादी, आपल्या वाणसामानाच्या यादीसारखी. त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स' खाली इंटेल किंवा रिअलटेक असं नाव दिसायला हवं. माझ्याकडे तिथे काहीच नव्हतं. उलट 'अदर डिव्हायसेस' खाली पिवळं उद्गारचिन्ह आणि शेजारी 'इथरनेट कंट्रोलर'. याचा अर्थ भाग जागेवर आहे, पण त्याची ओळख करून देणारा 'ड्रायव्हर' नाही. विंडोज आपल्याबरोबर पुष्कळ ड्रायव्हर आणते, पण सगळे नाही, आणि उरलेले इंटरनेटवरून घेते. इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट! किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, तशातली गत.

कुठला ड्रायव्हर? त्या पिवळ्या ओळीवर दोनदा क्लिक करा, 'डिटेल्स' मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. लांबलचक अक्षरं दिसतील, घाबरू नका, फक्त 'व्हीईएन' पुढचे चार अंक-अक्षरं बघा. ८०८६ असेल तर भाग इंटेलचा, १०ईसी असेल तर रिअलटेकचा. माझा इंटेलचा निघाला. लॅपटॉप किंवा कंपनीचा तयार कंप्यूटर असेल तर त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आपलं मॉडेल शोधून 'लॅन' चा ड्रायव्हर घ्या. दुकानात जोडून घेतलेला असेल तर आतल्या मदरबोर्डचं नाव लागतं. ते बिलावर असतं. बिलं जपून ठेवा असं मी ऊठसूट म्हणते ते उगाच नाही. 'तुमचे सगळे ड्रायव्हर फुकट शोधून देतो' अशा जाहिरातींच्या वाटेला मात्र जाऊ नका. दारात आलेल्या भांडीवालीसारखं ते, एक देऊन चार नेणारं.

ड्रायव्हर उतरवला, चालवला, कंप्यूटर बंद करून पुन्हा चालू केला. पिवळं चिन्ह गेलं! वायर लावली, दिवा लागला... आणि इंटरनेट तरीही नाही. त्या क्षणी मी भाच्याला काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

पण ही दुसरी गोष्ट, केबलवाल्याच्या दाराची. वायर राउटरला जात असेल तर युजरनेम-पासवर्ड त्या राउटरच्या पोटात असतो, विंडोज बदलली तरी त्याला फरक पडत नाही. आमच्यासारखी वायर सरळ कंप्यूटरात येत असेल तर पुष्कळ ठिकाणी तो पासवर्ड विंडोजमध्येच एक जोडणी करून भरलेला असतो. विंडोज पुसली, जोडणी पुसली. ती पुन्हा करायची तर सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'डायल-अप', मग नवी जोडणी, आणि विचारलं की 'ब्रॉडबँड पीपीपीओई'. दोन रकाने भरायचे की झालं.

भरायचं काय पण? युजरनेम मला एका जुन्या पावतीच्या कोपऱ्यात सापडलं. पासवर्डसाठी केबलवाल्याच्या हापिसात फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "रजिस्टर नंबरवर ओटीपी जाईल, तो सांगा." रजिस्टर नंबर कोणाचा? अर्थातच ह्यांचा. हे लग्नमांडवात, फोन पिशवीत, पिशवी कोणाकडे देव जाणे. दरमहा पैसे मी भरते, कंप्यूटर मी वापरते, पण मी कोणी नव्हेच! रागावून उपयोग नव्हता. रात्री ह्यांचा फोन आला, ओटीपी आला, नवा पासवर्ड मिळाला, आणि दोन मिनिटांत वायर सुरू.

एवढं करूनही काहींचं अडतं, त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टार्टमध्ये 'सीएमडी' लिहून काळी खिडकी उघडा, 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कंप्यूटरनं पत्ता मागितला आणि कोणी दिलाच नाही असं समजा. राउटर असेल तर त्याचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करा. केबलवाल्यानं ठरावीक आकडे दिले असतील तर ते पुन्हा भरावे लागतील. काही केबलवाले कंप्यूटरच्या लॅनच्या भागाचा क्रमांक नोंदवून ठेवतात. विंडोज बदलून तो बदलत नाही, पण वैतागून नवा यूएसबी-लॅनचा तुकडा आणलात तर बदलतो, तो त्यांना कळवा. आणि सगळं जोडलेलं दिसूनही प्रत्येक पान 'सुरक्षित नाही' म्हणत असेल तर घड्याळ बघा. तारीख मागची असेल तर ती दुरुस्त करा; दर वेळी बिघडत असेल तर आतली रुपयाएवढी बॅटरी, सीआर २०३२, संपली आहे.

विंडोज टाकायच्या आधी लॅनचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवला तर यातलं निम्मं वाचतं. नव्या विंडोजच्या त्या अडणाऱ्या पायरीवर 'इन्स्टॉल ड्रायव्हर' असं बटणही बहुधा असतं. बाकीचं निम्मं वहीत लिहा. माझ्या वहीत आता गॅसच्या नंबरखाली एक पान आहे: युजरनेम, पासवर्ड, केबलवाल्याचे दोन फोन, मदरबोर्डचं नाव. कोणी म्हणेल पासवर्ड असा लिहून ठेवू नये. बँकेचा मुळीच लिहू नये. पण इंटरनेटचा कपाटातल्या वहीत असायला माझी हरकत नाही.

परवा केबलवाल्याच्या हापिसात जाऊन अर्जही दिला, जोडणीला माझा मोबाइल नंबर लावा म्हणून. तिथल्या मुलीनं विचारलं, "साहेब कुठायत?"

म्हटलं, "घरी. इंटरनेट चालू आहे ना, लग्नाचे फोटो बघत बसलेत."