विजयनगर साम्राज्याचा ऱ्हास व अस्त

विजयनगर साम्राज्याचा ऱ्हास व अस्त : तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावर १३३६ मध्ये स्थापन झालेले आणि सुमारे दोन शतके कृष्णा नदीच्या दक्षिणेकडील बहुतेक प्रदेशावर अधिराज्य गाजविणारे विजयनगरचे साम्राज्य सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात खिळखिळे झाले व सतराव्या शतकाच्या मध्यास नामशेष झाले. २३ जानेवारी १५६५ रोजी झालेल्या राक्षसतागडीच्या (तालिकोटच्या) लढाईने हे साम्राज्य एका दिवसात लयास गेले, अशी समजूत रूढ आहे. राजधानीच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे; साम्राज्याच्या बाबतीत मात्र ती खरी नाही. लढाईनंतरही सुमारे ऐंशी वर्षे विजयनगरचे राजे राज्य करीत होते. उलटपक्षी, ज्या दोषांमुळे अखेर हे राज्य मोडले, ते लढाईच्या बऱ्याच आधीपासून त्याच्या घडणीत होते. म्हणून या ऱ्हासाचा विचार करताना रणांगणावरील पराभवाइतकाच राज्यव्यवस्थेतील दुबळेपणाचाही विचार करावा लागतो.

राज्यव्यवस्थेतील मूळ दोष : संगम (१३३६–१४८५), साळुव (१४८५–१५०५), तुळुव (१५०५–७०) व अरविडु (१५७० पासून पुढे) अशी चार घराणी विजयनगरच्या गादीवर आली. यांपैकी पहिली दोन्ही घराणी परचक्रामुळे नव्हे, तर स्वतःच्याच सेनानायकांमुळे पदच्युत झाली. संगम घराण्यातील राजे दुर्बल झाल्यावर चंद्रगिरीचा सरदार साळुव नरसिंह याने गादी घेतली. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांचा पालक म्हणून सेनापती तुळुव नरसा नायक याने सत्ता हाती ठेवली आणि नरसाच्या मुलाने १५०५ मध्ये ती उघडपणे बळकाविली. राजा नामधारी व सत्ता पालकाच्या हाती, ही परंपरा येथेच पडली व पुढे तीच साम्राज्याच्या मुळावर आली.

या परंपरेस आधार होता तो नायक पद्धतीचा. राजा आपल्या सेनानायकांना प्रदेश तोडून देई. त्या प्रदेशाच्या उत्पन्नातून नायकाने ठराविक घोडदळ, पायदळ व हत्ती बाळगावेत आणि उरलेला निश्चित भाग राजाच्या खजिन्यात भरावा, अशी व्यवस्था होती. अच्युतदेवरायाच्या कारकीर्दीत विजयनगरला राहिलेला पोर्तुगीज घोडेव्यापारी फेर्नाव नुनिश याने अशा नायकांची संख्या दोनशेहून अधिक दिली आहे. त्यांच्या १२० लाख परदाव उत्पन्नापैकी ६० लाख राजाकडे जात, असे तो सांगतो. हे आकडे काटेकोर मानता येत नसले, तरी त्यांवरून सैन्य व महसूल यांचा किती मोठा भाग मध्यस्थांच्या हाती होता, याची कल्पना येते. समर्थ राजा असेपर्यंत ही पद्धती स्वस्तात मोठे सैन्य पुरवीत असे. राजा दुबळा झाला की, तेच सैन्य नायकांचे खाजगी सैन्य ठरे.

कृष्णदेवरायानंतरचा वारसा : कृष्णदेवरायाने (कार. १५०९–२९) ओरिसाच्या गजपतींकडून उदयगिरी (१५१४) व कोंडवीडु (१५१५) हे किल्ले घेतले आणि १५२० मध्ये रायचूर येथे इस्माईल आदिलशाहचा पराभव केला. साम्राज्याच्या वैभवाचा हा परमोच्च काल होय. तथापि वारसाचा प्रश्न तोही सोडवू शकला नाही. त्याने आपल्या हयातीतच अल्पवयीन पुत्रास गादीवर बसविले, पण तो मुलगा लवकरच मरण पावला. विषप्रयोगाच्या संशयावरून कृष्णदेवरायाने आपला वृद्ध प्रधान साळुव तिम्म यास कैद करून त्याचे डोळे काढविले, असे नुनिश लिहितो.

कृष्णदेवरायानंतर त्याचा सावत्र भाऊ अच्युतदेवराय (कार. १५२९–४२) गादीवर आला. त्याच्या दरबारात दोन पक्ष होते : एक राजाचे मेहुणे सलकराजू बंधू यांचा व दुसरा कृष्णदेवरायाचा जावई रामराय याचा. अच्युतदेवरायाच्या मृत्यूनंतर सलकराजू तिरुमलाने बालराजा वेंकट याचा खून करून गादी बळकाविली. तेव्हा रामरायाने त्याचा पाडाव केला आणि अच्युतदेवरायाचा पुतण्या सदाशिव (कार. १५४२–७०) यास राज्याभिषेक केला. कोरीव लेखांतून सदाशिवाचे नाव राजा म्हणून येत राहिले. कारभार मात्र रामराय व त्याचे बंधू तिरुमल आणि वेंकटाद्री यांच्या हाती गेला. पुढे राजा पहाऱ्यात ठेवण्यात आला व वर्षातून एकदाच त्याचे दर्शन प्रजेस घडविण्यात येऊ लागले.

रामरायाचे धोरण : रामराय हा कर्तबगार, धूर्त व महत्त्वाकांक्षी पुरुष होता. बहमनी राज्याचे विघटन होऊन अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडे, बीदर व वऱ्हाड अशी पाच राज्ये झाली होती आणि त्यांच्यात सतत कलह चालत. या कलहांत कधी एकाचा, तर कधी दुसऱ्याचा पक्ष घेऊन कोणासही प्रबळ होऊ द्यावयाचे नाही, असे रामरायाचे धोरण होते. गोवळकोंड्याचा राजपुत्र इब्राहीम कुत्बशाह यास त्याने सुमारे सात वर्षे आश्रय दिला. बुऱ्हाण निजामशाहास साहाय्य करून १५४९ मध्ये कल्याणीचा किल्ला आदिलशाहीकडून घेवविला. पुढे अली आदिलशाह गादीवर येताच त्याच्याशी सख्य केले. अली स्वतः विजयनगरला आला आणि रामरायाच्या पत्नीने त्यास पुत्र मानले. यानंतर विजयनगर, विजापूर व गोवळकोंडे यांच्या संयुक्त फौजांनी हुसेन निजामशाहाच्या मुलखात शिरून अहमदनगरला वेढा दिला. कल्याणी परत देऊन हुसेनला तह करावा लागला. शिवाय रामरायाच्या छावणीत जाऊन त्याच्या हातून विडा स्वीकारावा लागला. हा अपमान हुसेन विसरला नाही, असे इतिहासकार फिरिश्ताच्या वृत्तांतावरून दिसते.

या धोरणाने काही काळ विजयनगरचे वर्चस्व कृष्णेच्या उत्तरेसही प्रस्थापित झाले. पण त्यात एक धोका होता. शेजाऱ्यांचे परस्परवैर हाच त्याचा पाया होता. मित्राकडूनही पानगलसारखे किल्ले उकळण्यास रामरायाने सुरुवात केल्यावर विजयनगरची मैत्री ही वैरापेक्षा महाग पडते, असे सुलतानांस वाटू लागले. त्यांच्यातील जुना तंटा मुख्यतः सोलापूरच्या किल्ल्यावरून होता. हुसेन निजामशाहाची कन्या चांदबीबी हिचा अली आदिलशाहशी विवाह झाला व सोलापूर आंदण म्हणून देण्यात आले. अलीच्या बहिणीचा विवाह हुसेनच्या मुलाशी झाला. अशा रीतीने पायाच निखळला. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडे व बीदर एकत्र आले. वऱ्हाडची इमादशाही हुसेनशी असलेल्या वैरामुळे दूर राहिली.

राक्षसतागडीची लढाई : डिसेंबर १५६४ मध्ये मित्रराज्यांच्या फौजा तालिकोट येथे जमल्या. प्रत्यक्ष लढाई तेथून दक्षिणेस, कृष्णेच्या पलीकडे झाली. रक्कसगी व तंगडगी या दोन गावांवरून मराठीत तिला राक्षसतागडीची लढाई म्हणतात. नदीचे उतार विजयनगरच्या सैन्याने रोखून धरले होते; परंतु अन्यत्र उतरण्याचा देखावा करून मित्रसैन्याने पहारा हलविला व मूळ उताराने नदी ओलांडली. लढाईत प्रारंभी विजयनगरची सरशी होत होती. मात्र मध्यभागी हुसेन निजामशाहाचा तोफखाना रूमीखानाच्या हाताखाली होता व त्याच्या माऱ्याने चढाई करणारी फळी फुटली. वयोवृद्ध रामराय शत्रूच्या हाती सापडला व हुसेनच्या आज्ञेने त्याचा शिरच्छेद झाला. मस्तक भाल्यावर चढवून दाखविताच सैन्याचा धीर सुटला. १५६७ मध्ये विजयनगरला आलेला व्हेनिसचा प्रवासी चेझारे फेदेरीची याने रामरायाच्या पदरी असलेल्या दोन मुसलमान सरदारांच्या फितुरीमुळे पराभव झाला, असे म्हटले आहे. त्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. फितुरी झाली असो वा नसो, सेनापतीच्या पतनाबरोबर सारे सैन्य उधळले, ही गोष्ट निर्णायक होय. राज्याचा सर्व भार एका व्यक्तीवर असल्याने तिच्यामागे लढाई सावरणारे कोणी उरले नाही.

तिरुमल सदाशिवास व खजिन्यास घेऊन दक्षिणेकडे पेनुकोंड्यास गेला. राजधानीच्या रक्षणाची काहीच तजवीज झाली नाही. विजयी फौजांनी सुमारे सहा महिने शहर लुटले. राजवाड्यांच्या परिसरात जाळपोळीच्या खुणा उत्खननांत आढळल्या आहेत. तथापि विध्वंस सर्वत्र सारखा नव्हता. विरूपाक्षाचे मंदिर शाबूत राहिले व तेथील पूजाअर्चा आजही चालू आहे. हत्तीखान्यासारख्या इमारतीही उभ्या आहेत. हंपी येथील या अवशेषांचा १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

ही लढाई म्हणजे हिंदू व मुसलमान यांच्यातील धर्मयुद्ध होते, असा अर्थ अनेकांनी लावला आहे. फार्सी तवारिखांनी विजयाचे वर्णन त्याच भाषेत केले, हे खरे. परंतु रामरायाच्या सैन्यात मुसलमान सरदार व सैनिक मोठ्या संख्येने होते, पूर्वीच्या मोहिमांत सुलतान त्याच्या बाजूने लढले होते आणि वऱ्हाड या आघाडीत सामील झाले नव्हते. विजयानंतर ही आघाडी टिकलीही नाही. म्हणून धर्मभावना हे आघाडीचे एक साधन ठरले असले, तरी तिचे कारण राजकीय होते, असे मानणे सयुक्तिक होय.

अरविडु घराण्याची धडपड : तिरुमलाने १५७० च्या सुमारास स्वतःस राज्याभिषेक करवून अरविडु घराण्याची सत्ता प्रस्थापित केली. त्याने राज्याचे भाषावार तीन भाग केले : तेलुगू प्रदेश पेनुकोंड्याहून श्रीरंगाकडे, कन्नड प्रदेश श्रीरंगपट्टणहून रामाकडे व तमिळ प्रदेश चंद्रगिरीहून वेंकटाकडे असे ते आपल्या तीन पुत्रांस वाटून दिले. ही व्यवस्था सोयीची होती. परंतु तिने एकछत्री सत्तेचा आधार आणखी क्षीण केला. श्रीरंगाच्या कारकीर्दीत (१५७२–८५) विजापूरने पेनुकोंड्यास वेढा दिला आणि गोवळकोंड्याने उदयगिरी व कोंडवीडु घेतले.

त्यानंतर आलेल्या दुसऱ्या वेंकटाने (कार. १५८६–१६१४) काही गमावलेला प्रदेश परत मिळविला व बंडखोर नायकांस वठणीवर आणले. साम्राज्य १५६५ मध्येच संपले नव्हते, याचा त्याची कारकीर्द हा उत्तम पुरावा होय. तरीही राजधानी पेनुकोंड्याहून चंद्रगिरीस व तेथून वेल्लोरला अशी सरकतच गेली. म्हैसूरच्या राजा वोडेयरने १६१० मध्ये श्रीरंगपट्टण घेतले आणि वेंकटाने त्यास मान्यता दिली. राजाने मोडू शकत नाही ते मान्य करावे, अशी ही अवस्था होती.

वेंकटास औरस पुत्र नव्हता. १६१४ मध्ये त्याने पुतण्या श्रीरंग यास वारस नेमले. परंतु एका राणीचा भाऊ जग्गराय याने तिच्या तथाकथित पुत्राचा पक्ष घेऊन श्रीरंगास सहकुटुंब ठार केले. याचम नायकाने श्रीरंगाचा मुलगा राम यास वाचविले. यातून निर्माण झालेल्या यादवीत मदुरा व जिंजीचे नायक जग्गरायाच्या, तर तंजावरचा रघुनाथ नायक याचमाच्या बाजूस राहिला. तोप्पूरच्या लढाईत (१६१६–१७) जग्गराय मारला गेला व राम राजा झाला. पण राजा कोण असावा, हे आता नायक ठरवू लागले. राक्षसतागडीने राजधानी गेली होती. तोप्पूरने राजपदाचा अधिकार गेला.

अखेर : १६३६ मध्ये शाहजहानशी तह झाल्यावर विजापूर व गोवळकोंडे यांना उत्तरेकडे वाव उरला नाही व त्यांनी दक्षिणेकडे मोर्चा वळविला. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान व त्याच्यासोबत शहाजी भोसले यांनी १६३८ मध्ये बंगलोर केंपेगौडाकडून घेतले. पुढे ते शहाजींच्या जहागिरीत आले. पूर्वेकडून गोवळकोंड्याचा मीर जुम्ला कर्नाटकात उतरला. तिसरा श्रीरंग (राज्यारोहण १६४२) शूर व उद्योगी होता. पण राजा होण्यापूर्वी त्यानेच आपल्या चुलत्याविरुद्ध विजापूरची मदत घेतली होती. राजा झाल्यावर नायकांनी त्याच्याविरुद्ध तेच केले. मदुरेच्या तिरुमल नायकाने गोवळकोंड्यास पाचारण केले. १६४६ च्या सुमारास वेल्लोरनजीक श्रीरंगाचा पराभव झाला आणि काही वर्षांतच जिंजीही विजापूरकडे गेली. श्रीरंग म्हैसूर व इक्केरी येथील आपल्याच पूर्वीच्या मांडलिकांच्या आश्रयास राहिला. राजपद केवळ कोरीव लेखांत उरले.

परिणाम : या अस्ताचा लाभ विजेत्या सुलतानांनाही फार काळ झाला नाही. अहमदनगरचे राज्य १६३६ मध्ये, विजापूर १६८६ मध्ये व गोवळकोंडे १६८७ मध्ये मोगलांनी बुडविले. पश्चिम किनाऱ्यावर गोव्याच्या पोर्तुगीजांचा विजयनगरशी चालणारा घोड्यांचा किफायतशीर व्यापार खालावला आणि १५७०–७१ मध्ये आदिलशाहाने गोव्यास व निजामशाहाने चौलला वेढा घातला. पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांना १६३९ मध्ये मद्रासची जागा विजयनगरच्या एका नायकाकडूनच मिळाली. दक्षिणेत निर्माण झालेल्या पोकळीत मराठ्यांचाही प्रवेश झाला. व्यंकोजी भोसले यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले व तेथे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. शिवाजी महाराजांच्या दक्षिण-दिग्विजयात जिंजी (१६७७) व वेल्लोर (१६७८) हे किल्ले स्वराज्यात आले. ज्या वेल्लोरास विजयनगरच्या राजांनी अखेरचा आसरा घेतला होता, ते अशा रीतीने एका नव्या सत्तेचे ठाणे झाले.

विजयनगरच्या ऱ्हासात बाह्य आक्रमणाचा वाटा मोठा असला, तरी तो एकमेव नव्हे. वारसाहक्काचा निश्चित नियम नसणे, सैन्य व महसूल नायकांच्या हाती असणे आणि राज्याचे स्थैर्य संस्थांऐवजी एका कर्त्या पुरुषावर अवलंबून राहणे, या तीन दोषांनी साम्राज्य आतून पोखरले होते. कृष्णदेवराय, रामराय व दुसरा वेंकट यांच्या कर्तृत्वाने ते झाकले गेले, नाहीसे झाले नाहीत. प्रत्येकाच्या मृत्यूबरोबर ते अधिक तीव्रतेने प्रकट झाले.