मागच्या काचेची तुटलेली तार घरीच जोडा

दीपनगरात औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत थंडीच्या पहाटे गाडी काढली, की मागची काच दवाने पांढरी होते. डिफॉगरचं बटण दाबलं, पण मधला एक पट्टा धुरकटच राहिला. म्हणजे फ्यूज, रिले ठीक. त्या पट्ट्यातली तार तुटलेली. पूर्ण काच धुरकट राहिली, तर मात्र आधी फ्यूज आणि कडेची पिन बघा.

आपल्या खान्देशात उन्हापायी लोक काचेला फिल्म लावतात आणि काढताना ब्लेडने खरवडतात. तारा काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात, त्या तिथेच जातात. माझीही तशीच गेली.

तुटलेली जागा शोधायला मल्टिमीटर घ्या. डिफॉगर चालू ठेवा, काळी पिन गाडीच्या बॉडीला लावा, लाल पिनच्या टोकाला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून तारेवर हलके सरकवा. चांगल्या तारेवर व्होल्टेज 12 पासून हळूहळू शून्याकडे उतरतं. मध्यावर साधारण 6. जिथे आकडा एकदम कोसळतो, तिथेच तुटलंय. माझ्याकडे केसाएवढी फट निघाली.

डिफॉगर बंद करा, जागा स्पिरिटने पुसा, तारेच्या वर-खाली टेप लावा आणि मध्ये चांदीचा कंडक्टिव्ह पेंट भरा. दिवसभर वाळू द्या, घाई नको.

काच नेहमी तारांच्या दिशेने, आडवीच पुसा. आणि फिल्म काढायची असेल, तर ब्लेड लावूच नका. वाफेने सैल करून सोला.