नवे माग आणि जुना कारागीर

कडोदऱ्याच्या चौफुलीवर मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यास धुळ्याचा रस्ता येऊन मिळतो. याच रस्त्याने, तसेच सुरत-भुसावळ रेल्वेने, खानदेशातील अनेक कुटुंबे मागाच्या कामासाठी या भागात आली. आता मागच बदलत आहेत. तेव्हा हा बदल नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

साध्या मागात धोटा ताण्यातून इकडून तिकडे धावतो व त्यातील कांडी संपली की बदलावी लागते. वॉटरजेट मागास धोटाही नाही व कांडीही नाही. पंपाने सोडलेली पाण्याची बारीक धार बाण्याचा धागा पलीकडे नेते. पॉलिएस्टर, नायलॉन यांसारख्या पाणी न शोषणाऱ्या धाग्यांस ही रीत मानवते, आणि सुरतेचे कापड मुख्यत्वे याच धाग्यांचे. हा माग कितीतरी पट वेगाने चालतो. कांडी भरणाऱ्याचे काम मात्र त्यावर उरत नाही.

मग जुनी विद्या फुकट गेली काय? मुळीच नाही. ताण किती असावा, तुटलेले टोक कसे सांधावे, कापडातील दोष कशाने आला, हे जाणणारा हात व डोळा नव्या मागासही हवाच. नव्याने शिकावयाचे ते एवढेच: पंप व तोटी यांची निगा, धार सुटण्याची वेळ जुळविणे, पाणी स्वच्छ व मृदू राखणे आणि विजेच्या फलकावरील सूचना वाचणे.

खरी अडचण मजुरीची आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मिळणारे विद्यावेतन एकट्या तरुणास कसेबसे पुरेल. संसारी कारागिरास खाडा परवडत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. पुढे गिरण्या एकामागून एक बंद झाल्या आणि जन्मभर साचे चालविलेल्या कित्येकांना मिळेल ते काम धरावे लागले. शिकावयाचे ते हाती काम असतानाच, हा त्यातील धडा होय.

यास्तव धर्मादाय न्यासांनी पाळी सुटल्यावर मराठीतून वर्ग चालवावेत आणि शिकताना बुडणाऱ्या मजुरीचा काही भाग उचलावा. त्यात कांडीवाल्यांचा विचार प्रथम व्हावा. कारण इतरांचे काम बदलते, त्यांचे नाहीसे होते. विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती देणे आपण पुण्यकर्म मानतो. त्याच्या बापास दोन महिन्यांच्या मजुरीचा आधार देणे, हेही विद्यादानच होय.