कोठीचं कुलूप

परवा नातीला म्हटलं, "कोठीतून जरा गूळ आण." ती जागची हलेना. "आजोबा, कोठी म्हणजे?"

आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून चार बाय पाचची एक अंधारी जागा आहे. बिल्डरच्या नकाशात ती 'स्टोअर', कामाच्या बाईंच्या भाषेत 'अडगळ'. मी आपला कोठीच म्हणतो.

शब्द फार जुना. संस्कृतातला 'कोष्ठ', प्राकृतात 'कोट्ठ', मराठीत कोठा आणि कोठी. कोष्ठ म्हणजे आतली बंदिस्त जागा. म्हणून पोटही कोष्ठच! कोठा जड झाला की आपण एरंडेल शोधतो, वैद्य त्याला बद्धकोष्ठ म्हणतात. कोष्ठागाराचं झालं कोठार, ते राखणारा कोठारी, कोठीवरचा तो कोठावळा. बँकेत उभा जन्म मी व्याजाची कोष्टकं चाळली, तीही याच गोतावळ्यातली, हे निवृत्तीनंतर कळलं. उत्तरेत कोठी म्हणजे बंगला किंवा सावकाराची पेढी. आपल्याकडे मात्र ती देवळात, लग्नघरात आणि चुलीशेजारी राहिली.

कौटिल्यानं अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाची कामं सांगितली आहेत. गोरखपूरकडे सोहगौरा इथं सापडलेल्या ताम्रपटात दोन कोठारांचा उल्लेख आहे. अभ्यासक तो बहुधा मौर्यकाळातला मानतात. त्यातलं धान्य अडीअडचणीच्या वेळेसाठी होतं, हे वाचलं आणि मला आमचं माण तालुक्यातलं घर आठवलं.

तिथली कोठी चुलीच्या डाव्या हाताला. दार बुटकं, वाकूनच आत जायचं. जमीन शेणानं सारवलेली. कणगीत ज्वारी, रांजणात डाळ, कोपऱ्यात चिंचेचा गोळा आणि शिंक्यावर तूप. या सगळ्याचा मिळून एक वास होता. तो मला पुन्हा कुठं भेटला नाही. किल्ली आजीच्या कमरेला. आजोबांनाही मागून घ्यावी लागे.

१९७२च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची. आजीनं कोठीचं कुलूप मात्र काढलं नाही. उलट, रोज दिवेलागणीला ती कुलूप उघडून आत जायची, दार लोटून घ्यायची. डब्यांची झाकणं वाजायची. मग पदराला हात पुसत ती बाहेर यायची. आम्हा पोरांना वाटे, आत आहे अजून काहीतरी.

एकदा किल्ली चुलीपाशी विसरली. मी हळूच आत शिरलो. कणगी तळापर्यंत झाडलेली. डबे सगळे रिकामे, आणि घासूनपुसून लख्ख.

पाठीमागं आजी उभी होती. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आईला सांगू नकोस. तिचे दिवस भरत आलेत."

मी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी झाकणं पुन्हा वाजली.